खैराखाली मांडलेल्या आवळीभोजनाची हकिकत

श्रीवनदेवतेस साष्टांग नमन करून, आणि वाटेतील काट्याकुट्यांस दुरूनच रामराम करून लिहिण्यात येते ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक शुद्ध नवमीस, भानुवासरी, एका तीन खोल्यांच्या राज्याचे अधिपती त्र्यंबकराव सहकुटुंब अरण्यात आवळीभोजनाचे मोहिमेस निघाले. कार्तिकात आवळ्याचे झाडाखाली पंगत मांडून जेवावे, ऐसा या घराण्याचा रिवाज. एकतीस वर्षे ही मोहीम थोरले काकासाहेब सपत्नीक, दोघेच, चालवीत आले. ते गतसाली कैलासवासी जाहले आणि झाड नेमण्याचा अधिकार त्र्यंबकरावांकडे आला. काकूसाहेब द्वारकाबाई, वय ब्याऐंशी, गुडघे दोन्ही फितूर, निघताना इतकेच बोलल्या, "पुढच्या वर्षी माझ्याच्यानं येणं होईलसं वाटत नाही. यंदा आवळीखाली बसव म्हणजे झालं." रावांनी छाती काढून अभय दिधले, खरे पाहता आवळा त्यांनी मोरावळ्याच्या बरणीबाहेर कधी पाहिलाच नव्हता. परंतु काकांच्या जागी बसून अज्ञान कबूल करणे त्यांस मरणप्राय वाटले.

मग गाडी रानाचे तोंडाशी लावून फौज पायउतार जाहली. गवत पिवळे पडले होते, ऊन कोवळे होते, आणि राणीसाहेब वसुधाबाई मसालेभाताचे पातेले घेऊन, राजकन्या मृण्मयी काकूसाहेबांस धरून, आणि राव रिकाम्या हाताने दिशा दाखवीत, ऐसे सैन्य चालिले. बारीक पानांचे एक झाड दिसताच राव म्हणाले, "हाच आवळा." मग सतरंजी अंथरिली, काकूसाहेबांस हळूच बैसविले, झाडास हळदकुंकू वाहिले आणि पाने वाढिली. राव पहिला घास घेणार तो बुडाखाली काटा रुतला, तो त्यांनी मोठ्या शौर्याने सोसिला. इतक्यात राजकन्या वर पाहून म्हणाली, "बाबा, आवळ्याला शेंगा येतात?"

"यंदा पाऊस लांबला ना," राव म्हणाले.

"पाऊस लांबला म्हणून काटेही आले का?" राणीसाहेब जिलबी वाढीत म्हणाल्या. "खैर आहे हा. आवळे ते बघा, ओढ्यापलीकडे लगडलेत."

मग रावांनी काकूसाहेबांकडे पाहिले. त्या काट्यांतच बसून भात कालवीत होत्या, ते पाहून रावांस फार वाईट वाटले, आणि सर्व ऐट सोडून ते बोलिले, "काकू, चुकलं माझं. मला आवळा ओळखताच येत नाही. काका असते तर असं झालं नसतं."

"तुझ्या काकांनी एकतीस वर्षं मला बाभळीखाली जेवू घातलं," काकूसाहेब म्हणाल्या. "मी पहिल्याच वर्षी सांगणार होते. पण स्वारी इतकी खुशीत होती, म्हटलं राहू दे. मग दरवर्षी राहूनच गेलं."

"म्हणजे तुम्ही आवळीखाली कधीच..." राव म्हणाले.

"कधीच नाही. म्हणून तर तुला सांगितलं."

हे ऐकताच राव भरल्या पानावरून उठले आणि काकूसाहेबांस पाठुंगळीस घेऊन ओढ्यात उतरले, आणि मागून राणीसाहेब पातेले सावरीत "हळू हो, शेवाळ आहे," ऐसे बजावीत आल्या. पलीकडे काकूसाहेबांनी आवळीच्या बुंध्यास पाठ टेकिली, मग थोड्या रडल्या, आणि मग गार झालेला मसालेभात दोनदा मागून घेतला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. थोरल्यांस आपली चूक शेवटपर्यंत कळली नाही. धाकट्यांस कळली आणि त्यांनी ती कबूल केली. काकूसाहेबांची माया थोरल्यांवरच अधिक होती, परंतु आवळी धाकट्यांनी दाखविली, इतके लिहून ठेविले असे.