गोदाआत्याच्या खटल्याचं मत

खैरापुरात अपील कोर्टाचा न्यायाधीश निवडून देण्याचा हक्क त्या कोर्टात पडून असलेल्या खटल्यांना आहे, माणसांना नाही. खटल्याला अठरा वर्षं पूर्ण झाली की मतदार यादीत त्याचं नाव चढतं आणि निकाल लागला की उतरतं. या पद्धतीविरुद्ध आजवर एकच तक्रार आली. तिचाही रीतसर खटला झाला आणि गेल्या दोन निवडणुकांत त्याने मतदान केलं.

यंदा ॲडव्होकेट मुरलीधर सोनटक्क्यांनी उमेदवारी भरली तेव्हा वकिलांच्या खोलीत लोक पोट धरून हसले. सोनटक्क्यांनी सबंध वकिलीत एकदाही तहकुबी मागितली नव्हती. त्यांचे खटले कोवळ्या वयातच निकाली निघायचे, मतदानाच्या वयापर्यंत पोचायचेच नाहीत. समोर उभे होते बापूसाहेब नलगे. त्यांचे खटले तहकुबीवर पोसलेले, अंगापिंडाने भरलेले, काही तर पिकल्या केसांचे. अशा गडगंज मतदारांपुढे सोनटक्क्यांचं डिपॉझिट जप्त होणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

पण सोनटक्के जिद्दी. रोज संध्याकाळी ते कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात जायचे. खटले तिथे पायरीवर शेंगा सोलत बसलेले असायचे. नलग्यांनी प्रत्येकाला दीर्घायुष्याचं वचन दिलं होतं. सोनटक्के हात जोडून एवढंच म्हणायचे, की मी निकाल देईन. काही खटल्यांनी तोंड फिरवलं, एकाने तर अंगावर शेंगांची टरफलं टाकली. मग बांधाच्या भांडणाचा एक म्हातारा खटला पुढे आला. त्याचे वादी-प्रतिवादी दोघेही कधीच वारले होते आणि बांध धरणाच्या पाण्याखाली गेला होता. तो म्हणाला, "साहेब, मला सोडवा. कुणासाठी भांडतोय तेच आठवत नाही."

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. थकलेले खटले सोनटक्क्यांकडे वळले, जगायची हौस असलेले नलग्यांकडे राहिले. मोजदाद केली तेव्हा दोन्ही पारडी सारखी भरली. काठावर उरला एकच मतदार: गोदाआत्याचा खटला.

गोदाआत्या म्हणजे सोनटक्क्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. शेजाऱ्याने तिच्या परसावर हक्क सांगितला, खालच्या कोर्टाने तिचं मागचं दार बंद ठेवायचा हुकूम काढला आणि आत्याने अपील केलं. खटला तिनेच दाखल केला, तिनेच वाढवला. तो जेवायलाही तिच्याकडेच असे. आत्या आता ऐंशीच्या पुढे गेली होती. त्या दारातून एकदा परसात जावं, स्वतः लावलेल्या चाफ्याखाली बसावं, एवढंच तिला हवं होतं. शेजाऱ्याचे वकील नलगे होते, म्हणून सोनटक्क्यांच्या हातातला हा एकमेव खटला वयात आला होता.

सोनटक्के मत मागायला गेले तेव्हा खटला पाटावर बसून आमटी-भात जेवत होता.

"मत तुम्हालाच, दादा," खटला म्हणाला. "पण सोमवारी माझी सुनावणी आहे आणि मतदान गुरुवारी. सोमवारी निकाल लागला तर गुरुवारी मत कोण देणार?"

मावळते न्यायाधीश सोमवारी निकाल देणार आणि तो आत्याच्याच बाजूने देणार, हे कोर्टाच्या मांजरालाही ठाऊक होतं. आत्याने तर बिजागऱ्यांना तेल घालून ठेवलं होतं. सोनटक्के तिला म्हणाले, "आत्या, आठवडाभराचा प्रश्न आहे. मी निवडून आलो की पहिला निकाल तुझाच." आत्याने वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, "इतकी वर्षं थांबले रे मुरली. आठवड्याचं काय."

सोमवारी कोर्टात जे घडलं ते खैरापूरकर अजून सांगतात. नलगे उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, की आम्ही तयार आहोत, निकाल आजच द्यावा, आमच्या अशिलाविरुद्ध दिला तरी हरकत नाही. अशील बाजूलाच बसला होता, तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग सोनटक्के उठले. तहकुबी मागायची सवय नसल्याने त्यांना कारण सुचेना. शेवटी त्यांनी पोटात दुखत असल्याचं सांगितलं, हात मात्र गुडघ्यावर धरला. न्यायाधीशांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. निकाल लिहून तयार होता, पण तहकुबीचा अर्ज दिसला की त्यांचा हात आपोआप तारीख लिहीत असे. तशीच त्याने आताही लिहिली.

गुरुवारी मतदान झालं आणि सोनटक्के एका मताने निवडून आले. म्हातारे खटले आनंदाने रडले. मिरवणुकीत गोदाआत्याचा खटला सगळ्यात पुढे नाचत होता.

पहिल्याच दिवशी नव्या न्यायाधीशांनी आत्याचं अपील पुकारायला सांगितलं. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. शिरस्तेदार हलकेच खुर्चीजवळ वाकले आणि म्हणाले, "साहेब, या अपिलात वकील तुम्ही होता आणि अपीलदार तुमची सख्खी आत्या. हे तुम्हाला चालवता येणार नाही. दुसऱ्या न्यायाधीशाकडे जायला हवं आणि दुसरा न्यायाधीश या कोर्टाला नाही."

एवढी साधी गोष्ट वकिलीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळते. सोनटक्क्यांनी खटल्याकडे पाहिलं. खटला खिडकीबाहेर बघत होता. त्याचा चेहरा इतका शांत होता, की सोनटक्क्यांना सगळं उमगलं. मावळत्या न्यायाधीशांकडे तो सोमवारीच निकाली निघाला असता. इथे ती भीतीच नव्हती.

"दुसरा न्यायाधीश कधी येतो?" आत्याने विचारलं.

"मी खुर्ची सोडली की," सोनटक्के म्हणाले.

राजीनाम्याला एक कागद पुरला असता आणि कागद समोरच होता. सोनटक्क्यांना आत्याकडे बघवेना. लाज वाटत होती, अगदी मनापासून वाटत होती. पण खुर्चीवर नवी गादी घातली होती, बाहेर म्हातारे खटले रांगेत ताटकळत होते, आणि असं उठून जाणं कोर्टाच्या शिस्तीला धरून झालं नसतं. त्यांनी कागद ओढला आणि त्यावर पुढची तारीख लिहिली.

आत्याने तारीख वाचली. "या दिवशी काय होणार रे?"

"पुढची तारीख, आई," खटला म्हणाला आणि पायऱ्या उतरायला त्याने तिला हात दिला.