चिंचोक्यांचा कौल

मालविकाने लातूरच्या आपल्या समुपदेशन केंद्रात टेबलावर दोन वाट्या मांडल्या. एकीत चिंचोके, दुसरी रिकामी. समोरच्याचं ऐकायचं सोडून सल्ला दिला, की एक चिंचोका रिकाम्या वाटीत टाकायचा. तिच्या मार्गदर्शक, नांदेडच्या सौदामिनी मॅडम, दर शनिवारी तिच्या कामातल्या चुका काढत. परवा त्या म्हणाल्या होत्या, "स्वतःची चूक स्वतः पकडायला शीक. नाही जमलं तर आणखी वर्षभर माझ्यासमोर बसायचं." ते वर्ष मालविकाला अजिबात नको होतं.

औशाचे सटवाजी, लेकाशी भांडण झाल्यापासून झोप येत नाही म्हणून आले. मालविका पटकन बोलून गेली, "मग लेकाशी एकदा बोला की!" लगेच जीभ चावून तिने चिंचोका टाकला. टप्प.

सटवाजींनी वाटीला हात जोडले.

पुढच्या आठवड्यात ते भावजयीला, म्हणजे सिंधुकाकूंना, आणि अर्ध्या गल्लीला घेऊन हजर. "बोललो लेकाशी. लई झोप लागली! बाईंचा चिंचोका खोटा जात न्हाई."

सिंधुकाकू पुढे सरकल्या. "बाई, म्हस घेऊ का नको? टाका एक."

"काकू, हा कौल नाही! माझं चुकलं की मी टाकते."

"म्हंजे भावजींना चुकून झोप लागली?"

मागून गल्लीतले बसलिंगप्पा म्हणाले, "चूक कबूल करणारा डॉक्टर पहिल्यांदाच बघायलोय. मी तर हितंच बसतो."

"मी डॉक्टर नाही. आणि म्हशीचं मी सांगणार नाही म्हणजे नाही!"

"नका सांगू," सिंधुकाकू म्हणाल्या. "नुसतं ऐकता तरी का?"

मालविकाने बाकीच्यांना बाहेर बसवलं, दार लावलं. काकू म्हशीवरून सुरू झाल्या, सासूपर्यंत पोचल्या, रडल्या, हसल्या. दुसरी वाटी या वेळी रिकामीच राहिली.

संध्याकाळी तिने मॅडमना फोनवर सगळं सांगितलं.

"वेडी आहेस का? ते चिंचोके फेकून दे. चुका मोबाइलवर मोज. आणि अशा गर्दीला आत घेऊच नकोस."

टप्प. टप्प. टप्प.

"कसला आवाज गं?"

"तुमचे तीन झाले, मॅडम."

 मग मॅडम म्हणाल्या, "आता शनिवारी येत जाऊ नकोस."

"हा सल्ला की निकाल?"

"तूच ठरव."

मालविकाने चौथा म्हणून उचललेला चिंचोका पहिल्या वाटीत परत ठेवला.