नख, गोंद आणि विसीचा नाच

आमच्या स्पेनमधल्या हेरेस गावात गिटार वाजवणारा माणूस बायकोपेक्षा उजव्या हाताच्या नखांना जास्त जपतो. (हे मी घराबाहेरच बोलतो.) त्यामुळे शनिवारी दुपारी ऑलिव्हची बरणी उघडताना माझं नख चिरलं, तेव्हा मी असा बोंबललो की सासूबाई धावतच आल्या.

"काय झालं?"

"नख गेलं!"

"एवढंच? मला वाटलं, बरणी फुटली."

संध्याकाळी फ्लामेंको नाचाच्या क्लबात माझी बायको विसी नाचणार होती आणि मी साथीला. नाचणारी पाय आपटून हाक देते, की लगेच आवरतं घेऊन समेवर यायचं, एवढंच साथीदाराचं काम. पण माझ्या बोटांत कला ठासून भरलेली! गेल्या खेपेला विसीने हाक दिली तेव्हा मी ताना घेत भलतीकडेच पोचलो होतो आणि ती हात वर करून ताटकळत उभी. (बस थांबवतेयस का, असं मी नंतर विचारलं. विचारायला नको होतं.)

"आज पुन्हा तसं केलंस," तिने बजावलं होतं, "तर येत्या जत्रेत माझ्यामागे गिटार घेऊन एलादियो बसेल."

एलादियो म्हणजे तिचा मामेभाऊ. त्याला काय येतं? (ठेका येतो. पण ते सोडा.) त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसलेला मला बघवला नसता.

चिरलेल्या नखाला झटक्यात चिकटणारा गोंद लावणं आम्हा गिटारवाल्यांना नवं नाही. फक्त या वेळी घाईत ट्यूब जरा जोरात दाबली गेली. फुंकर मारली आणि बघतो तर अंगठा सोडून चारही बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली.

"विसी, नेलपॉलिश काढायचं औषध दे गं! हा गोंद त्यानेच सुटतो!"

"संपलं. काय करून ठेवलंस?"

"काही नाही. बोटांची जरा एकी झालीय."

सासूबाईंनी वरून ऑलिव्ह तेल ओतलं. बोटं सुटली नाहीत, नुसती चकाकायला लागली.

स्टेजवर माझी अवस्था काय सांगू! ताना नाहीत, नखरे नाहीत. खाली अंगठा, वर चिकटलेल्या बोटांची थाप, खाली अंगठा, वर थाप. दुसरं काही करताच येईना, म्हणून मी विसीच्या पायांकडे बघत बसलो. तिने हाक दिली, मी समेवर हजर. पुन्हा हाक, पुन्हा हजर! लोक "ओले! ओले!" अशी दाद देत ओरडायला लागले. विसीने गिरकी घेता घेता माझ्याकडे बघून असं हसू फेकलं, जे मी लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

क्लबाचे अध्यक्ष एलेउतेरिओ येऊन माझ्या गळ्यात पडले. "तुझी बायको इतकी सुंदर नाचते हे आम्हाला आज कळलं रे! जत्रेत तुम्ही दोघंच."

घरी आल्यावर विसीने नाचाच्या पिशवीतून शाल काढली. शालीखाली औषधाची बाटली. गळ्यापर्यंत भरलेली.

"अगं, ही तर संपली होती ना? दे इकडे!"

"जत्रा झाली की देते," म्हणत तिने बाटली कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

"आणि तोवर मी जेवायचं कसं?"

सासूबाई चमचा घेऊन समोरच बसल्या होत्या. "आ करा, जावईबापू."