निसळअण्णांची बारीक तार

सर्वांनी आपापल्या जागी उभे राहावे. कोणी कशालाही हात लावू नये, आणि शक्य असेल तर श्वाससुद्धा जपून घ्यावा. कारण एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करायची आहे : चाळीचा फ्यूज गेला आहे.

ही घोषणा माझी नव्हे, निसळअण्णांची. एकाहत्तर-बहात्तर साली भिंगारच्या आमच्या बैठ्या चाळीत ती वरचेवर ऐकू यायची. इतर ठिकाणी फ्यूज गेला की माणसं "गेली वाटतं लाईट" म्हणून मेणबत्ती शोधतात. आमच्याकडे चौकशी समिती बसायची. समितीचे अध्यक्ष अण्णा, सचिव अण्णा, साक्षी काढणारे वकील अण्णा आणि निकाल देणारे न्यायाधीशही अण्णाच. बाकी आम्ही सगळे आरोपी.

अण्णा लष्कराच्या भांडारात कारकुनी करून रिटायर झाले होते. उंच, वाळलेले, अंगात बंडी, खाली खाकी हाफपँट. कानावर पेन्सिल खोचावी तसा टेस्टर खोचलेला. पाच बिऱ्हाडांचा मीटर एकच होता आणि मेन स्विच अण्णांच्या पडवीत, एका लाकडी पेटीत. पेटीला कुलूप. चाळीचे मालक भाऊसाहेब नगरला राहायचे, त्यांनी किल्ली विश्वासाने अण्णांकडे दिलेली. ती अण्णांच्या जानव्याला बांधलेली असे. पेटी उघडण्यापूर्वी अण्णा पायांत रबरी चपला चढवीत. "देवाकडे जाताना अनवाणी, विजेकडे जाताना रबरी," हा त्यांचा धर्म.

त्यांची तपासाची पद्धत ठरलेली होती. आधी सगळ्यांनी सगळं बंद करायचं. मग अण्णा फ्यूजमध्ये नवी तार भरणार, मेन चालू करणार आणि पडवीतून हाळी देणार, "एकेक करून!" मग पहिल्या घरापासून एकेक दिवा, एकेक पंखा लावत जायचं आणि प्रत्येक वेळी ओरडून वर्दी द्यायची.

"अण्णा, स्वयंपाकघरातला दिवा लावला हो!" आमची ही ओरडायची.

"ठीक! पुढे!"

"रेडिओ लावला!"

"काय चाललंय त्यावर?"

"त्याचा फ्यूजशी काय संबंध अण्णा?"

"काही नाही. बातम्या असतील तर आवाज वाढवा."

ज्या वस्तूवर तार जळाली ती वस्तू गुन्हेगार. मग अण्णा त्या घरात जायचे, वस्तू उलटीपालटी करायचे, प्लगमधली सुटलेली तार शोधायचे आणि घरच्या माणसाकडे असं बघायचे, की जणू त्यानेच ती रात्री उठून कुरतडली. जाताना म्हणायचे, "माणूस खोटं बोलतो. वीज खोटं बोलत नाही."

आमच्या शेजारी शिंदे कंपाउंडर राहायचे. त्यांचा या सगळ्या तपासावर एकच उतारा होता. "अण्णा, सरळ जाड तार घाला ना. एकदा घातली की जन्माची कटकट मिटली!"

हे वाक्य ऐकलं की अण्णांचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी त्यांच्यासमोर देव्हाऱ्यात चपला ठेवल्यात.

"कंपाउंडर, जाड तार म्हणजे लाच खाणारा पहारेकरी! चोर आत शिरला तरी हा ढिम्म उभा. आतून घर पेटलं तरी उभा. माझी बारीक तार बघा. जरा कुठे खुट्ट झालं की स्वतः मरते, पण घर वाचवते. तुम्ही मराल का हो दुसऱ्याच्या घरासाठी?"

"मी कशाला मरू?"

"म्हणून तर पेटीत तार बसवलीय, तुम्हाला नाही बसवलं."

असं सगळं सुखात चाललं होतं. मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेल्यावरचा तो उन्हाळा आला. खेड्यांतून माणसं भिंगारकडे येऊ लागली. रॉकेलच्या दुकानापुढे डब्यांची रांग लागायची आणि माणसं सावलीत बसून डब्यांवर नजर ठेवायची. त्याच सुमारास आमच्या चाळीचा फ्यूज रोज दिवेलागणीला जाऊ लागला. रोज! आणि नवल म्हणजे अण्णांनी "एकेक करून" तपासलं की सगळं निर्दोष. दिवा निर्दोष, पंखा निर्दोष, माझी इस्त्री निर्दोष. दुसऱ्या दिवशी पुन्हा चट्ट आवाज आणि पुन्हा अंधार.

अण्णांचा चेहरा दोन-चार दिवसांत ओढल्यासारखा दिसायला लागला. एकटा जीव, जेवायला ते खानावळीत जायचे, पण आता पेटी सोडून जायचा धीर होईना. जायचे ते अगदी शेवटच्या पंगतीला, उरलेलं गारढोण जेवायला. आल्यावर मला म्हणायचे, "मास्तर, कोणीतरी चोरून काहीतरी लावतंय. तपासाच्या वेळी लपवतंय."

शिंद्यांनी तेवढ्यात मालकांना कळवून टाकलं. भाऊसाहेबांचा निरोप आला : रविवारी येतो. चाळीत विजेची शेगडी वापरायची नाही असं मी भाड्याच्या बोलीतच सांगितलंय. अण्णांनी शोधून ठेवावं. जिच्यात शेगडी सापडेल ती खोली त्याच दिवशी खाली.

आता शेवटच्या खोलीविषयी सांगायला हवं. तिथे सोनाबाई आणि तिचा नवरा रामभाऊ नुकतेच राहायला आले होते. पाथर्डीकडचे. गावाकडे जमीन होती, पण विहिरीत पाणी नव्हतं. रामभाऊला लष्कराच्या गोदामात हमालीचं काम मिळालं होतं, पण रॉकेलचं कार्ड अजून झालेलं नव्हतं. सोनाबाईला चाळीत सगळेच नवे होते, त्यामुळे ती सगळ्यांना भिऊन असायची, फक्त अण्णांना नाही. तिच्या खोलीतलं बटण ढिलं झालेलं अण्णांनी बसवून दिलं होतं, तेव्हापासून ती त्यांना "बाबा" म्हणायची.

एके संध्याकाळी मी अण्णांच्या पडवीत बसलो होतो. नुकताच फ्यूज जाऊन, तपास होऊन, दिवे परत आले होते. सोनाबाई पदराखाली झाकून ताटली घेऊन आली.

"बाबा, भाकर हाय. न् मिरचीचा खरडा. तुमी आमच्यापायी लई दगदग करता."

"अगं, मी खानावळीत जेवतो."

"जेवता, पन ते काय खरं हाय का? खावा!" असं म्हणून ती लगबगीने गेली.

अण्णांनी भाकरी हातात घेतली. उलटली. आणि थांबले. मीही पाहिलं. भाकरीच्या पाठीवर जिलबीच्या वेटोळ्यासारखी काळी, गोल गोल नक्षी उठली होती. शेगडीच्या तारेची! कोणी शिक्का मारून द्यावा इतकी स्पष्ट.

सारा प्रकार तिथेच उलगडला. चुलीवर भाकरी करणारी बाई तव्यावरून भाकरी काढते आणि निखाऱ्यावर उभी करते, तशीच ती फुगते. सोनाबाईने जन्मभर हेच केलेलं. आता निखारे नव्हते, तर लालभडक तार होती. तिनं तव्यावरची ओलसर भाकरी सरळ तारेवर टेकवली आणि लोखंडी उलथन्याने दाबली. उलथनं तारेला लागलं की चट्ट! दिवे गेले की ती शेगडी घमेल्याखाली सारत असणार आणि अण्णांच्या हाकेला ओ देत असणार, "दिवा लावलाय वो बाबा, येकच हाय!"

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "मिळाला की पुरावा!"

 अण्णा भाकरी दोन्ही तळव्यांत धरून बसले. मला वाटलं, नक्षी तपासताहेत. मग त्यांनी एक तुकडा मोडला, खरड्याला लावला आणि खाल्ला. मग दुसरा. चाळीच्या इतिहासातला सर्वांत मोठा पुरावा त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत खाऊन टाकला, बोटंही चाटली. मग उठून तडक सोनाबाईकडे गेले. मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला, "मरशील बाई! लाकडी दांडा तरी लाव त्या उलथन्याला!"

रविवारी भाऊसाहेब आले. अंगणात खुर्ची मांडली गेली. सगळी बिऱ्हाडं जमली. सोनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा रंग पार उडाला होता. रामभाऊ जमिनीकडे बघत होता. गावाकडे परत जाणं म्हणजे काय, हे त्या दोघांना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"बोला अण्णा," भाऊसाहेब म्हणाले. "सापडली का शेगडी?"

"सापडली."

"कोणाची?"

अण्णांनी घसा साफ केला. "माझी."



"तुमची?" भाऊसाहेब हसायला लागले. "तुम्ही तर खानावळीत जेवता. शेगडी कशाला?"

"अंघोळीला पाणी तापवतो."

"अहो, तुम्ही बारा महिने गार पाण्याने अंघोळ करता! तुमचं हूं हूं पार बाजारापर्यंत ऐकू जातं."

"हल्ली सोसत नाही."

"बरं. आणा बघू ती इथे."

अण्णा घरात गेले. मागच्या दाराने कुठे गेले ते मी सांगत नाही, पण सोनाबाईही चौकटीतून दिसेनाशी झाली. जरा वेळाने अण्णा पंच्यात गुंडाळलेली शेगडी घेऊन पुढच्या दारातून बाहेर आले. भाऊसाहेबांनी पंचा उलगडला, शेगडीवर बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट वर केलं.

"हे काय? पीठ?"

अण्णांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते फारच मोठं खोटं बोलले. "पावडर आहे."

"शेगडीला पावडर?"

"मला. अंघोळीनंतर. जवळच ठेवतो."

शिंदे कंपाउंडर खोकत खोकत घरात निघून गेले. भाऊसाहेबांनी अण्णांकडे बघितलं, शेवटच्या खोलीकडे बघितलं आणि पुन्हा अण्णांकडे. ते काय समजले आणि काय नाही, देव जाणे. पण सगळ्या चाळीला कळवलेला शब्द त्यांनाही पाळायला हवा होता.

"अण्णा, तुम्ही जुने माणूस, तुम्हाला खोली सोडा म्हणवत नाही. पण पेटी तुमच्याकडे ठेवता येणार नाही. किल्ली द्या. मास्तरांकडे राहील."

अण्णांनी बंडीत हात घातला. जानव्याची गाठ काही केल्या सुटेना. शेवटी रामभाऊने पुढे होऊन सोडवून दिली. अण्णांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, "बारीक तार," एवढंच म्हणाले, आणि पडवीत जाऊन बसले.

भाऊसाहेब गेल्यावर सोनाबाई आली. डोळे पुसत होती. "बाबा, आमच्यापायी..." अण्णांनी तिच्या हातात आपलं रॉकेलचं कार्ड दिलं. "माझं दर महिन्याला फुकट जातं. स्टो आहे ना? मग झालं. रांगेत मीच उभा राहीन, मला आता काम नाही."

ती गेली. मी त्यांच्याजवळ बसलो. डोक्यावर भिंतीला ती पेटी होती, आणि तिच्याकडे ते एकदाही बघत नव्हते. फ्यूज गेल्यावर आता त्यांना कोणाच्या घरात जायला कारण राहिलं नव्हतं, हे मला तेव्हा कुठे कळत होतं. म्हणून मी जरा चिडूनच म्हणालो, "अण्णा, इतक्या वर्षांची किल्ली घालवलीत. चार माणसांत खोटे पडलात. कशासाठी? एका भाकरीसाठी?"

अण्णा एवढ्या मोठ्याने बोलले, की आमची ही हातातलं पातेलं तसंच घेऊन दारात आली.

"अहो मास्तर, गरम होती हो ती!"