सबनीसांचा जाहीर पाठिंबा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत सबनीस रोज संध्याकाळी आठला गॅलरीत येऊन स्टीलची परात उलथण्याने बडवत. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात लोक सरकारविरुद्ध भांडी वाजवताहेत, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. त्या देशाचं नाव काही त्यांना धड घेता येत नसे.

"उच्चार त्यांचे त्यांनी बघावेत. आपला जाहीर पाठिंबा!"

सबनीस पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. एकटेच राहतात. गळ्यात पाटी, तीही मराठीत : 'विद्यार्थ्यांना सोडा.'

"अहो, तिकडे मराठी कोण वाचणार?" मी विचारलं.

"इकडे तरी कोण वाचतं?"

वरून जोशीकाकू ओरडत, "सबनीस, त्यांचं सरकार पडेल तेव्हा पडेल, माझी मालिका बुडतेय!"

"दिलगीर आहे. वेळ ते ठरवतात."

परातीचा व्हिडिओ ते रोज टाकत. एकदा तिथल्या एका विद्यार्थिनीचं उत्तर आलं, मोबाइलनेच मराठी करून दिलेलं : 'आदरणीय काका, तुमचे भांडे आम्हाला शक्ती देते.' ते त्यांनी जिन्यात भेटेल त्याला दाखवलं. मग ती रोजच लिहू लागली, अगदी 'काका, जेवलात का' इथपर्यंत. सबनीस परात वाजवायला इस्त्रीचा शर्ट घालू लागले.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. मी नोटीस लावली : 'रहिवाशांच्या तक्रारींवरून कळवण्यात येते की, गॅलरीत भांडी वाजवू नयेत.' परक्या सरकारांना न जुमानणाऱ्या सबनीसांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, आणि परात बंद झाली.

खरं सांगतो, तक्रार कोणाचीच नव्हती. जोशीकाकू तर ओरडायलाही खुर्ची घेऊन बसायच्या. मलाच बघवत नव्हतं. जेवलात का, असं मला कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिकडचं इंटरनेट बंद झाल्याची बातमी आली. सबनीस जिन्यात मोबाइल घेऊन बसलेले दिसले.

"नोटीस काढून टाकतो," मी म्हणालो.

"छे, छे. नियम तो नियम." मग मोबाइल माझ्यापुढे धरून, "तिने विचारलं होतं, काका, आज आवाज नाही? मी लिहिलं, इथे मनाई आहे. ते पोचलंच नाही हो. म्हातारा घाबरून गप्प बसला, असं वाटलं असेल तिला."

तक्रार कोणाची, ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

सबनीसांनी सरकून पायरीवर माझ्यासाठी जागा केली.