सें-व्हेरांच्या पावाची मोहीम

लिहिणार अल्पमती, परंतु जे लिहिले त्यात पदरचे घातले नाही आणि घडलेले राखून ठेवले नाही. फ्रान्स मुलुखी, बर्गंडी परगण्यात, मौजे सें-व्हेरां येथे ऑगस्टच्या तिसऱ्या आदितवारी जे रण माजले त्याचे वर्तमान येणेप्रमाणे.

राजश्री आन्सेल्म पिशो, वय त्र्याहत्तर, सुतारकीतून निवृत्त. त्यांचे कुटुंब हुगेतबाई मागल्या नोव्हेंबरात निवर्तल्या, आणि तेव्हापासून आन्सेल्मराव सिंकपाशी उभ्याने बिस्किटे खाऊन गुजराण करीत. ही खबर हुगेतबाईंच्या वडील भगिनी सोलांज आक्कासाहेब यांस लागली आणि त्या जातीने चालून आल्या आणि फर्मान सुटले:

“भाऊजी, शहरातल्या वृद्धाश्रमात तुमच्यासाठी खोली धरून ठेवलीय. रविवारी बाराला मी जेवायला येते. नीट मांडलेलं टेबल, त्यावर पाव आणि बसून जेवणारा माणूस दिसला तर ठीक. नाहीतर कागद आणतेच आहे, सही करायची.”

पावावाचून मांडलेले टेबल म्हणजे मांडलेच नाही, ऐसा त्या मुलुखाचा दस्तूर. तरी आन्सेल्मराव निश्चिंत. मोहरीच्या रश्शातला ससा हुगेतबाईंच्या वहीत लिहिलेला होता आणि पाववाले तुर्नेल चाळीस पावलांवर. मग शनिवारी सकाळी स्वारी टोपी घालून निघाली, तो दुकान बंद आणि दारावर चिठ्ठी की, सालाबादप्रमाणे मालक समुद्रकिनारी गेले, एक सप्टेंबरास येतील. ऑगस्ट लागला की तुर्नेल घराणे समुद्राकडे कूच करते हे अवघ्या गावास ठाऊक. परंतु ऑगस्टातला पाव कोठून येतो हे हुगेतबाईंस ठाऊक होते, आन्सेल्मरावांस नव्हे. दुसरे दुकान पाच कोसांवर, आणि मोटारीची किल्ली आक्कासाहेबांनी हिवाळ्यातच जप्त केलेली.

मग शेजारचे निवृत्त टपालवाले फिर्मां बोदे यांजशी मसलत जाहली.

“माझ्याकडे पिशवीतला कापीव पाव आहे की. घेऊन जा,” फिर्मां म्हणाले.

“पिशवीतला? अरे, आक्का मला वृद्धाश्रमात नाही, सरळ दफनभूमीत नेऊन सोडेल!”

“मग कर घरीच. आमची आई करायची. कणीक भिजवायची आणि पिसांच्या रजईखाली पलंगावर निजवायची. बाळासारखी. आणि भट्टीत पाण्याचा एक डबा ठेवायची, वाफेला.”

“आणि मीठ किती?”

“ते आईला माहीत.”

मग वही उलटीपालटी केली. आत एकेचाळीस रस्से आणि पाव एकही नाही. कारण त्या मुलुखी पाव घरी करणे म्हणजे पाववाल्याच्या तोंडावर दार लावणे. तेव्हा शनिवारी दुपारी पहिला हल्ला अंदाजाने केला. यिस्टच्या पुड्या दोन होत्या. पैकी एकीवर आन्सेल्मरावांनी उकळते पाणी ओतले आणि ती फौज जागीच गारद जाहली. कणीक विटेसारखी पडून राहिली.

आदितवारी पहाटे उरलेली पुडी घेऊन दुसरा एलगार केला. पाणी कोमट घेतले, आणि लाकूड रंधणाऱ्या हातांनी कणीक मळली, आणि परात घेऊन निजायच्या खोलीकडे कूच केले.

पलंगाची डावी बाजू हुगेतबाईंची. तिकडची रजई नऊ महिने कोणी उचलली नव्हती. आन्सेल्मराव परात घेऊन दाराशी बराच वेळ उभे राहिले. येथे उपमा सुचत नाही. त्यांनी रजई उचलली, परात ठेवली, वरून पांघरूण घातले आणि खुर्ची ओढून पहाऱ्यास बसले. दोन तासांनी रजई हळूहळू वर आली, जैसे कोणी कूस बदलून श्वास घ्यावा. आन्सेल्मरावांनी खिडकीकडे तोंड केले.

मग कणीक लांब वळली, दाढीच्या पात्याने चार वार केले, पाण्याचा डबा ठेवला आणि पाव भट्टीत रवाना केला. परंतु हुगेतबाई जिच्यावर चीज वितळवीत ती भट्टीतली जाळी सर्वांत वरच्या खाचेत होती, ती तैशीच राहिली. पाव निघाला तो वरून कोळसा. इतक्यात बाराचे टोले पडले आणि आक्कासाहेबांची मोटार दारात. तेव्हा आन्सेल्मरावांनी दगा योजिला आणि पाव उलटा मांडला, काळे खाली.

आक्कासाहेबांनी टेबल पाहिले आणि त्यांचा रंग उतरला.

“उलटा पाव? भाऊजी! पूर्वी पाववाले उलटा पाव जल्लादासाठी ठेवायचे. घरात मरण येतं अशानं!”

“येऊन गेलंय, आक्का.”

आक्कासाहेबांनी हात पुढे करून पाव सुलटा केला, आणि दगा उघडा पडला.

“हे काय?”

“पाव.”

“कुणी केला?”

“मी. तुर्नेल समुद्रावर गेलाय.”

आक्कासाहेबांनी सुरी घेतली आणि काळे खरवडले, ते बराच वेळ खरवडले. मग एक काप कापला. मग दुसरा. सशावर टीका केली, रश्शावर केली नाही. आणि शेवटी, ज्या आक्कासाहेब परक्या घरी बशी पुसणे असभ्य मानीत, त्यांनी पावाच्या तुकड्याने बशी पुसली, आणि ऐसी पुसली की ती धुवायचे काम उरले नाही.

कागद पर्समधून बाहेर आलाच नाही. दारातून फर्मान सुटले:

“पुढच्या रविवारी जाळी खालच्या खाचेत लावा. आणि मीठ घाला हो, मीठ!”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपले जखमी, उजव्या हाताची भट्टीत भाजलेली दोन बोटे. मुलूख कायम राहिला तो ऐसा: स्वयंपाकघर एक, जिना एक, निजायची खोली एक, मागील दारी आलुबुखाऱ्याचे झाड. ठाण्यात शिबंदी एक असामी. मागल्या सालापर्यंत दोन होत्या. ठाणे हातचे गेले नाही.