फिलेमोनचा दात आणि गावाचं ट्रम्पेट

फिलेमोनच्या वरच्या जबड्यात गाठ झाली, ती नेमकी पुढच्या दाताच्या मुळाशी. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या त्या गावात ट्रम्पेट वाजवणारा तो एकटाच, आणि ट्रम्पेटशिवाय तिथे कुणी मातीआड होत नाही.

"दात आतून मेलाय, खाली पाण्याची गाठ धरलीये," तालुक्याची डॉक्टरीणबाई म्हणाली. "ऑपरेशन करून काढू, नाहीतर रूट कॅनल करून वाट बघू. लहान आहे, बहुधा जिरेल."

"ऑपरेशननंतर ट्रम्पेट फुंकता येईल?"

"ओठ बधिर राहणारच नाही, असं नाही सांगता येत."

"मग रूट कॅनलच करा, बाई!"

ट्रम्पेट गेलं तर गावात त्याला कुत्रं विचारणार नव्हतं.

परतताना गालाला वारं लागू नये म्हणून त्याने हनुवटीखालून डोक्यावर पांढरा रुमाल बांधला, दुखण्याची गोळी घेतली आणि ट्रकच्या हौद्यात आडवा होऊन गाढ झोपला. त्या गावात असा रुमाल फक्त मढ्याला बांधतात, तोंड उघडं पडू नये म्हणून. कितीतरी मढी पोचवलेल्या फिलेमोनला हे ठाऊक होतं, पण स्वतःला बांधताना कोण आरशात बघतो?

चौकात ट्रक थांबला. मेणबत्त्या विकणाऱ्या चोलेबाईने हौद्यात डोकावून किंकाळी फोडली. देवळाची घंटा वाजू लागली. बायको एउफ्रासिया धावत निघाली आणि वाटेतच चक्कर येऊन पडली. बाकी कुणी जवळ गेलं नाही, कारण बँड येईपर्यंत मढ्याला हात लावायचा नाही, ही रीत.

"ट्रम्पेटवाल्याला ट्रम्पेटविना पुरायचं? नाक कापलं जाईल गावाचं!" बँडमास्तर अबुंदियो कडाडला. त्याने झांजवाल्या क्रिस्पीनला देवळात नेलं आणि संताच्या मूर्तीसमोर गावाचं एकुलतं ट्रम्पेट त्याच्या हाती दिलं.

चौकात येऊन क्रिस्पीनने ट्रम्पेट फुंकलं, आणि ते बेसूर रेकणं ऐकून फिलेमोन ताडकन उठून बसला. शिवी हासडायची होती, पण दाताच्या इंजेक्शनने बधिर झालेल्या तोंडातून नुसती लाळ गळली. बायका छातीवर क्रूस काढत पळाल्या.

"मास्तर, माझं ट्रम्पेट द्या," जीभ वळू लागल्यावर तो म्हणाला.

"संतासमोर दिलंय, बाबा. क्रिस्पीन मरेपर्यंत त्याचंच. तू झांजा घे."

सहा महिन्यांनी एक्स-रेत हाड भरून आलेलं दिसलं. दात शाबूत, ओठ शाबूत. झांजा वाजवायला दोन्ही लागत नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसून फिलेमोन ढसाढसा रडला.

मग एका दफनानंतर क्रिस्पीन गाल धरून आला. "मलाही तसलीच गाठ निघालीये रे. रूट कॅनल करू की ऑपरेशन?"

"डॉक्टरीणबाई सांगेल ते कर," फिलेमोन मायेने म्हणाला. मग खिशातून धुऊन घडी घातलेला पांढरा रुमाल काढून त्याने क्रिस्पीनच्या हातावर ठेवला. "पण येताना वारं लागू देऊ नकोस हो."